ओळखीने येणारा ग्राहक

१४ एप्रिल २०१७ रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांनी नागपुरात 'भीम' या सरकारी पेमेंट अ‍ॅपसाठी दोन प्रोत्साहन योजना जाहीर केल्या. दोन्हींसाठी मिळून सहा महिन्यांकरता ४९५ कोटी रुपयांची तरतूद होती. एक योजना व्यापाऱ्यांना कॅशबॅक देणारी होती आणि दुसरी सरळसरळ रेफरलची. तुमच्या सांगण्यावरून कोणी भीम घेतलं आणि ठरलेले व्यवहार केले, की तुम्हाला दहा रुपये आणि त्यालाही दहा. तरुणांपुढे हिशेबही मांडला गेला: सुट्टीत दिवसाला वीस जणांना जोडा, दोनशे रुपये मिळवा. खासगी कंपन्या वर्षानुवर्षं वापरत आलेली युक्ती एका सरकारनेच इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरली, त्यामुळे या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने नागपूरच्या त्या योजनेकडे जरूर पाहावं. पुढच्या काही वर्षांत यूपीआयचे व्यवहार अब्जांच्या घरात गेले, पण त्यांतला भीमचा वाटा एक टक्क्याच्या आसपास घसरला. बाजार फोनपे आणि गूगल पे यांनी आपसांत वाटून घेतला. त्याला कारणं बरीच होती आणि सगळं खापर रेफरलवर फोडणं बरोबर होणार नाही. मात्र दिवसाला वीस माणसं हा जो हिशेब होता, त्यात रेफरलविषयीचा एक मूळ गैरसमज स्पष्ट दिसतो. बहुतेक अ‍ॅप कंपन्यांच्या योजना आजही त्याच गैरसमजावर उभ्या आहेत.

गैरसमज असा, की ग्राहक म्हणजे स्वस्तातला एजंट. जाहिरातीवर एका ग्राहकामागे दोनशे रुपये जातात, तर तेच काम जुन्या ग्राहकाकडून पन्नास रुपयांत करून घेऊ, असा हा विचार असतो. कागदावर तो बिनतोड दिसतो. पण कोणालाही रोज वीस नवी माणसं ओळखीतून मिळत नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत घरचे, मित्र, ऑफिसातले लोक संपतात आणि मग अनोळखी माणसाला गाठून फोन हातात घ्यावा लागतो. त्या क्षणी रेफरल संपतं आणि विक्री सुरू होते. ओळखीच्या शिफारशीला वजन असतं, कारण शिफारस करणाऱ्याचं त्यात काहीतरी पणाला लागलेलं असतं. लग्नाचं स्थळ सुचवणाऱ्या नातेवाइकासारखंच हे आहे. पुढे काही बिनसलं तर बोल त्यालाही लागतो, म्हणून तो चार वेळा विचार करून तोंड उघडतो आणि म्हणूनच ऐकणारा त्याचं मनावर घेतो. रेफरल योजनेत कंपनी बक्षिसाची रक्कम खर्च करते हे खरं, पण खरी खर्च होते ती ग्राहकाची चारचौघांतली पत. योजनेची आखणी करताना प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारावा: याने शब्द टाकणाऱ्याची पत राखली जाते की जाते? बक्षीस किती, कोणाला, केव्हा, कशाच्या रूपात, हे सगळं त्या उत्तरातून निघतं.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरलेली योजना ड्रॉपबॉक्सची. ड्रू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी २००७ मध्ये ही कंपनी काढली. फायली इंटरनेटवर ठेवायच्या आणि कोणत्याही संगणकावरून उघडायच्या, एवढंच तिचं काम. गूगलवर जाहिराती देऊन पाहिल्या तेव्हा पैसे भरणारा एक ग्राहक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर पडत होते, आणि विकायची वस्तू होती वर्षाला ९९ डॉलरची. हे आकडे ह्यूस्टन यांनीच २०१० मध्ये जाहीर व्याख्यानात सांगितले. मग त्यांनी दोन्ही बाजूंना बक्षीस देणारी योजना आणली, पण त्या बक्षिसात पैसा नव्हता, जागा होती. सुरुवातीला २ जीबी मोफत मिळायची. तुमच्या निमंत्रणावरून कोणी आलं की दोघांनाही २५० एमबी जास्त. पुढे ही जागा दुप्पट केली गेली. योजनेमुळे नोंदणी ६० टक्क्यांनी वाढली आणि रोज येणाऱ्या नव्या लोकांपैकी ३५ टक्के या वाटेने येऊ लागले. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख नोंदणीकृत वापरकर्ते होते, ते पंधरा महिन्यांत चाळीस लाखांवर गेले.

ही गोष्ट स्टार्टअपच्या जगात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की तिचा अर्थ 'दोघांनाही बक्षीस द्या' एवढाच उरला आहे. खरी खुबी बक्षिसाच्या जातीत होती. जास्तीची जागा ज्याला ड्रॉपबॉक्स वापरायचं आहे त्यालाच हवी असते. न वापरणाऱ्याला ती फुकट दिली तरी नको असते. त्यामुळे केवळ बक्षिसाच्या मागे लागणारे लोक आपोआप गाळले गेले. रोख रकमेची गोष्ट वेगळी, ती सगळ्यांनाच हवी असते आणि म्हणूनच ती कोणालाच गाळत नाही. दुसरं असं, की मित्राला निमंत्रण पाठवणारा त्याच्या हातात काहीतरी ठेवत होता, नुसतं मागत नव्हता. आणि कंपनीला ती जागा स्वस्त पडत होती, कारण मिळालेली सगळी जागा फार थोडे लोक भरतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जोरकस आहे. रोख पैशाने भलीमोठी कंपनी उभी राहिल्याचं उदाहरण समोर आहे: पेपॅल. १९९९-२००० च्या सुमारास पेपॅलने खातं उघडणाऱ्याला दहा डॉलर आणि त्याला आणणाऱ्याला दहा डॉलर दिले. पेपॅलचे सहसंस्थापक पीटर थील यांनी लिहिल्याप्रमाणे वापरकर्ते दिवसाला सात टक्के, कधी त्याहूनही वेगाने वाढत होते. म्हणजे दहा दिवसांत जवळपास दुप्पट. इलॉन मस्क यांनी नंतर या बक्षिसांवर सहा-सात कोटी डॉलर गेल्याचं सांगितलं. मग रोख रकमेत वाईट काय? वाईट काही नाही, पण पेपॅलची वस्तूच पैसा होती. दहा डॉलर खात्यात आले की ते कुठेतरी पाठवायचे, म्हणजे पेपॅलचाच वापर करायचा. बक्षीस आणि वस्तू एकच होती, जशी ड्रॉपबॉक्समध्ये जागा आणि वस्तू एकच होती. शिवाय पेपॅलला ग्राहकांची विशिष्ट घनता हवी होती. ईबेवर विकणाऱ्यांपैकी पुरेसे लोक आले की विकत घेणाऱ्यांना यावंच लागणार होतं. ती घनता येताच बक्षीस पाच डॉलरवर आणलं, मग बंद केलं. पेपॅलचं नाव घेऊन रोख बक्षीस ठेवणाऱ्या किराणा किंवा शिकवणीच्या अ‍ॅपपाशी यांतलं काहीच नसतं.

भारतातल्या पेमेंट अ‍ॅप्सनाही हाच न्याय लागतो, म्हणून तिथे रोख बक्षीस गैर नव्हतं. फरक पडला तो अटींमध्ये. भीमचे दहा रुपये मिळायला नव्या माणसाने तीन वेगवेगळ्या व्यक्तींशी तीन व्यवहार करायचे आणि त्यांची बेरीज किमान पन्नास रुपये हवी, अशी अट होती. बक्षीस वापराशी बांधण्याचा हेतू चांगलाच होता. पण विचार करा, घरात चार फोन असतील तर वीस रुपये या खिशातून त्या खिशात फिरवून अट पुरी होते. आणि प्रामाणिक माणसाला मात्र मित्राला सांगावं लागतं, की तू आधी तिघांना पैसे पाठव, मग आपल्याला दहा-दहा मिळतील. इतकी मनधरणी दहा रुपयांसाठी कोण करणार? गूगलने सप्टेंबर २०१७ मध्ये 'तेज' आणलं, तेव्हा अट साधी ठेवली: पहिलं पेमेंट करा, दोघांना ५१ रुपये. रक्कमही आपल्याकडच्या आहेराच्या पाकिटातली. पन्नासवर एक ठेवणाऱ्याला इथला ग्राहक कळला होता, एवढं मान्य करायला हवं. तरीही गूगल पे (तेजचंच नंतरचं नाव) वाढलं ते ५१ रुपयांमुळे, असं म्हणण्याचा मोह टाळावा. ५१ रुपयांनी माणूस एकदा येतो. दुसऱ्या दिवशी तो येतो तो चहाच्या टपरीवर क्यूआर कोड लागलेला असतो म्हणून.

रक्कम वाढवली की रेफरल वाढतील, ही समजूत तर सर्वांत घट्ट आहे. गांगसोग र्यू आणि लॉरेन्स फिक यांनी २००७ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये चार प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. बक्षीस असलं की शिफारस करण्याची शक्यता वाढते, पण बक्षीस लहान की मोठं याने फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. बक्षिसाचा परिणाम जास्त दिसला तो जुजबी ओळखीच्या लोकांना सांगताना आणि फारसं नाव नसलेल्या ब्रँडच्या बाबतीत. जवळच्या माणसाला चांगल्या ब्रँडची शिफारस करायची असेल, तर बक्षिसाचा निदान काही भाग ऐकणाऱ्याला देणं जास्त उपयोगी ठरलं. पत पणाला लागते, या हिशेबाने पाहिलं की हे निष्कर्ष सहज उलगडतात. सख्ख्या मित्राला काही सुचवून आपण दोनशे रुपये खिशात घातले, हे नंतर कळलं तर वाईट दिसतं. जुजबी ओळखीत तेवढं पणाला लागलेलं नसतं. एअरबीएनबीने २०१४ च्या सुमारास आपली रेफरल योजना नव्याने बांधली, तेव्हा दोन तऱ्हेची पत्रं पाठवून पाहिली. एकात 'मित्राला बोलवा आणि २५ डॉलर मिळवा' असा सूर होता, दुसऱ्यात 'मित्राला २५ डॉलर भेट द्या' असा. रक्कम तीच, योजना तीच. देण्याची भाषा वापरणारं पत्र जास्त चाललं. आपल्याकडच्या अ‍ॅपमधलं 'रेफर अँड अर्न' हे बटण ज्याने पहिल्यांदा बसवलं, त्याने नेमका उलटा शब्द पुढे केला आणि बाकीच्यांनी डोळे मिटून त्याची नक्कल केली.

बटण दाबल्यावर काय होतं, तेही जवळून पाहण्यासारखं आहे. भारतात निमंत्रण जवळजवळ नेहमी व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. अ‍ॅप एक तयार मजकूर पुढे करतं: 'हे! मी हे भन्नाट अ‍ॅप वापरतोय, माझा कोड टाक आणि शंभर रुपये मिळव!' मागे तीन इमोजी. कोणीही आपल्या मामाला असं लिहीत नाही. मामा ते वाचतो तेव्हा त्याला भाच्याचा आवाज ऐकू येत नाही, कंपनीचा येतो, आणि तो पुढचा मेसेज उघडतो. पाठवणाऱ्याला आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत लिहिता येईल अशी मोकळी जागा आणि खाली एक लहान लिंक, एवढं पुरतं. अँड्रॉइड फोनवर कोड टाकायची गरजही नसते. प्ले स्टोअरच्या लिंकमध्येच पाठवणाऱ्याची खूण घालता येते आणि अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर ती वाचून घेतं. आयफोनवर अशी सरळ सोय नाही, तिथे लहान कोडचा पर्याय ठेवावा. निमंत्रण केव्हा मागावं याचंही उत्तर अवघड नाही. अ‍ॅपने काम चोख केल्यावर लगेच मागावं: तिकीट मिळालं, पार्सल वेळेवर आलं, हिशेब जुळला, तेव्हा. नोंदणी होताच मागणं म्हणजे जेवण वाढायच्या आधी अभिप्रायाची वही पुढे करणं.

फोनमधली सगळी नावं एका झटक्यात मागण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. लिंक्डइनवर अमेरिकेत याच कारणाने सामूहिक दावा झाला. ओळखीच्यांना निमंत्रण पाठवायला लोकांनी परवानगी दिली होती, पण उत्तर न आल्यास त्यांच्याच नावाने आणखी दोन स्मरणपत्रं जातील, याला दिली नव्हती, असा तक्रारदारांचा मुद्दा होता. २०१५ मध्ये कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्या स्मरणपत्रांनी काही नवे सदस्य नक्कीच आणले असतील. पण आपल्या नावाने आपल्या नकळत कोणीतरी जुन्या साहेबांच्या मागे लागलं आहे, हे समजल्यावर माणसाला कसं वाटतं, त्याची नोंद कोणत्याही आलेखात होत नाही.

बक्षिसाला मर्यादा नसली की काय होतं, हे टेस्लाने दाखवून दिलं. ठरावीक संख्येनंतर प्रत्येक रेफरलमागे दोन लाख डॉलरच्या वरच्या रोडस्टर गाडीवर दोन टक्के सवलत, अशी योजना होती. टक्के साठत गेले की गाडी फुकट. यूट्यूबवर टेस्लाविषयी चॅनेल चालवणाऱ्या काहींनी तिथपर्यंत मजल मारली. त्यांची 'ओळख' लाखो अनोळखी प्रेक्षकांशी होती, म्हणजे ती जाहिरातच होती, फक्त नाव रेफरलचं. योजनेमुळे गाड्यांचा खर्च फार वाढतो, असं सांगून मस्क यांनी फेब्रुवारी २०१९ पासून ती बंद केली. म्हणून माणशी मर्यादा घालावी, वर्षाला दहा-पंधरा रेफरल पुष्कळ झाले. त्याहून जास्त आणणाऱ्याशी वेगळा व्यावसायिक करार करावा आणि ते उघड सांगावं. दुसऱ्या पातळीचं बक्षीस, म्हणजे तुम्ही आणलेल्या माणसाने आणलेल्या माणसामागेही तुम्हाला काही, हे तर ठेवूच नये. पैसे भरून साखळीत शिरायचं आणि खालची माणसं आणून कमवायचं, असं रूप त्याला आलं की १९७८ चा बक्षीस चिठ्ठी व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा आडवा येतो. कायदा बाजूला ठेवला तरी, साखळी योजनांत हात पोळलेलं कोणी ना कोणी महाराष्ट्रातल्या बहुतेक नात्यागोत्यांत असतं. तसा नुसता वास आला तरी अ‍ॅप फोनमधून जातं.

सर्वांत अवघड आक्षेप हिशेबाचा आहे, आणि त्याचं उत्तर पूर्णपणे माझ्या बाजूने जात नाही. रेफरलने आलेला ग्राहक जास्त चांगला असतो, याला आधार आहे. श्मिट, स्कीरा आणि व्हान डेन बुल्टे यांनी एका जर्मन बँकेच्या जवळपास दहा हजार ग्राहकांची माहिती तपासून २०११ मध्ये निबंध लिहिला. बँक शिफारशीमागे २५ युरो देत होती. शिफारशीने आलेले ग्राहक बँक सोडून जाण्याची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी कमी होती आणि त्यांचं मोल निदान १६ टक्क्यांनी जास्त. त्यांच्याकडून मिळणारा जादा नफा काळानुसार ओसरला, पण टिकून राहण्यातला फरक टिकला. चांगलं आहे. मात्र यांतले किती जण बक्षीस नसतं तरी मित्राच्या सांगण्यावरून आलेच असते, हा प्रश्न उरतोच.

तो किती महत्त्वाचा आहे, हे एका काल्पनिक अ‍ॅपवर ताडून पाहू. दोनशे रुपये दराने जाहिरातीतून हजार ग्राहक आणले, खर्च दोन लाख. प्रत्येक जण सरासरी दोन निमंत्रणं पाठवतो आणि शंभर निमंत्रणांतून पंधरा जण येतात. म्हणजे हजारातून तीनशे, तीनशेतून नव्वद, नव्वदातून सत्तावीस, अशी उतरती रांग लागते. एकूण सुमारे १,४२८ ग्राहक होतात, पैकी ४२८ रेफरलचे. दोन्ही बाजूंना पन्नास धरले तर बक्षिसांचे ४२,८०० रुपये. सगळे मिळून ग्राहकामागे १७० रुपये, आणि सादरीकरणात टाळ्या. आता समजा त्या ४२८ पैकी निम्मे तसेही येणार होते आणि त्यांनी जाताजाता कोड टाकला. मग योजनेने खरे आणले २१४, त्यांच्यावर गेले ४२,८००, म्हणजे माणशी दोनशे. जाहिरातीचाच दर. ज्या योजनेचा गाजावाजा झाला तिने एक पैसाही वाचवला नाही. हे शोधण्याचा मार्ग एकच: काही ठिकाणी योजना लावायची आणि काही ठिकाणी नाही. माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली तर मित्र मित्राला सांगतो आणि सरमिसळ होते, म्हणून शहरं निवडावी. नाशिकला चालू, कोल्हापुरात बंद, पुढच्या महिन्यात उलट. हे न करता 'रेफरलने इतके आले' असं सांगणारा आकडा विश्वासार्ह मानू नये.

मग बक्षीस हवंच कशाला? हॉटमेलने १९९६ मध्ये प्रत्येक पत्राच्या तळाशी मोफत ई-मेलचं निमंत्रण देणारी एक ओळ ठेवली आणि दीड वर्षात एक कोटीच्या आसपास लोक गोळा केले. व्हॉट्सअ‍ॅप २०१४ मध्ये फेसबुकने घेतलं तेव्हा त्याचे ४५ कोटी वापरकर्ते होते, तेही बक्षिसाविना. पण या दोन्ही वस्तू वापरायला दुसरा माणूस लागतोच. वापर हेच निमंत्रण होतं. विमा, औषधं, हिशेब, अभ्यास यांची अ‍ॅप माणूस एकटाच वापरतो, त्यामुळे ती आवडली तरी बोलण्यात विषय निघत नाही. बक्षिसाचं काम तेवढंच आहे: बोलायला निमित्त देणं. न आवडलेल्या वस्तूबद्दल ते कोणालाही मनापासून बोलतं करू शकत नाही. म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्यांना एक विनंती आहे. रेफरलचा एकही पडदा रेखाटण्याआधी, बक्षीस नसतानाही ज्यांच्या सांगण्यावरून नवे लोक आले अशा जुन्या ग्राहकांना फोन करा. त्यांनी कोणाला सांगितलं, कोणत्या शब्दांत सांगितलं, ते विचारा. असा एकही ग्राहक सापडला नाही, तर योजनेचे पैसे अ‍ॅप दुरुस्त करण्यावर घाला.